विषय: मगर की गादी

"आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर गेलंच पाहिजे. आणि प्रत्येकाला वैयक्तिक. कळलं?" असं म्हणून संचालकबाईंनी संग्रहालयाचा मोबाइल जावकरावांच्या टेबलावर ठेवला आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. पुढचं सगळं रामायण या दोन वाक्यांतून घडलं.

जावकराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते आवक-जावक टेबलाचे लिपिक. आलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा, त्याचं उत्तर तयार करायचं, बाईंची सही घ्यायची आणि जाणाऱ्या कागदावर पुन्हा शिक्का मारून नंबर टाकायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या निष्ठेने केलं होतं की त्यांचं मूळ नाव फक्त पगारपत्रकालाच माहीत उरलं होतं. आलेल्या कागदाला उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या लेखी दारात आलेल्या पाहुण्याला पाणीही न विचारणं.

संग्रहालय लहानसं होतं. नाणी, भांडी, गंजलेल्या तलवारी, टाचण्यांनी टोचलेली फुलपाखरं, आणि जिन्याखालच्या काचेच्या कपाटात एक पेंढा भरलेली मगर. बघायला येणारं माणूस मात्र विरळा. कुणी आलंच तर बहुतेक पाऊस थांबेपर्यंत यायचं. शेवटी मुख्य कार्यालयाने कळवलं की एक समिती येऊन पाहील. लोकांना या जागेची गरज नाही असं दिसलं तर संग्रहालय बंद. इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायचा तळ होणार, आणि वस्तूंसकट माणसंही दूरच्या एका गोदामात जाणार. समितीचे अध्यक्ष आजवर जिथे जिथे गेले होते तिथे तिथे नंतर टाळं लागलं होतं, त्यामुळे त्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणत.

बदलीची जावकरावांना एरवी भीती नव्हती. पण त्यांची बायको गावच्या तलावावर पोहायला शिकवायची. अर्ध्या गावाला तिने पाण्यावर तरंगतं केलं होतं, आणि उरलेलं अर्धं गाव तिच्या शिट्टीला घाबरून काठावर उभं होतं. ती हा तलाव सोडून गोदामाच्या गावी येईल? आणि नाही आली तर? एवढा एक प्रश्न तिला विचारायचा होता, आणि तेवढाच त्यांच्याच्याने विचारवत नव्हता. आज विचारू, उद्या विचारू असं करता करता समितीची तारीख जवळ आली.

दरम्यान बाई कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथे त्यांना समजलं की हल्ली लोकांशी नातं मोबाइलवर जोडायचं असतं. त्यांनी तातडीने संग्रहालयाचं पान उघडलं, मगरीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या मगरीला भेटायला नक्की या!' आणि पुढचं काम जावकरावांकडे सोपवलं.

पहिली प्रतिक्रिया दुपारच्या आत आली. 'एकाकी वाघ' असं नाव घेतलेल्या कुणी विचारलं होतं, 'ही मगर आहे की फाटकी गादी?'

जावकरावांनी चष्मा पुसला. मजकूर कागदावर उतरवून घेतला, शिक्का मारला, नंबर टाकला. मग उठून मगर पाहून आले. तक्रारीत तथ्य होतं. त्यांनी उत्तर तयार केलं, ते रजेचे अर्ज आणि चहाची बिलं असलेल्या फोल्डरमध्ये घालून बाईंपुढे ठेवलं, बाईंनी फोनवर बोलता बोलता सगळ्यावर सह्या केल्या, आणि जावकरावांनी एका बोटाने टाइप करून ते उत्तर रवाना केलं.

'विषय: मगर की गादी. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर मगर ही मगरच आहे. तथापि तिच्या पोटाची शिवण उसवून पेंढा बाहेर आला असल्याने व शेपटीस गोणपाटाचे ठिगळ असल्याने आपला गैरसमज होणे स्वाभाविक आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव वरिष्ठांच्या विचाराधीन आहे. तो विचाराधीन होऊन पुष्कळ काळ लोटला आहे, हेही नम्रपणे कळविण्यात येते. आपला विश्वासू, लिपिक, आवक-जावक.'

संध्याकाळपर्यंत ते उत्तर गावभर झालं. ज्याने वाचलं त्याने दुसऱ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी जावकरावांनी मोबाइल उघडला तर प्रतिक्रियांचा हा ढीग. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि ते कामाला लागले. काम म्हणजे काम.

कुणी नुसतेच बदाम पाठवले होते. त्याला उत्तर गेलं: 'आपण जोडलेले लाल बदाम सुस्थितीत प्राप्त झाले. ते मांडण्याची सोय सध्या नसल्याने दप्तरी ठेवण्यात आले आहेत.' कुणी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला होता. त्याला: 'चेहरा मिळाला. डोळ्यांतील पाणी हसण्याचे की दुःखाचे याचा खुलासा नसल्याने कोणती कार्यवाही करावी हे समजून येत नाही. कृपया उलट कळवावे.' आणि ज्यांनी फक्त अंगठा दाखवला होता त्यांना: 'आपला अंगठा मिळाला. सही करता येत नसल्यास दोन साक्षीदारांची नावे सोबत जोडावीत.'

आता ज्यांना हे पत्र गेलं ते गप्प बसतात होय? त्यांनी साक्षीदार जोडले. साक्षीदारांनी आपापले अंगठे जोडले. त्या अंगठ्यांना पुन्हा वेगळी उत्तरं गेली.

"बाबा," लेक जेवताना म्हणाली, "माझ्या अख्ख्या कॉलेजात तुमची पत्रं वाचतायत. आमच्या वर्गातल्या एकीने तर तुमचं उत्तर छापून भिंतीवर लावलंय."

"लावू दे. प्रत जपून ठेवणं चांगलंच."

"अहो बाबा, लोक हसतायत!"

जावकरावांचा घास हातातच राहिला. "हसतायत? का? काही चुकलं माझं? नंबर चुकला?"

"चुकलं काही नाही. हसतायत, पण एकमेकांना बोलावून बोलावून हसतायत. चिडलेली माणसं असं करतात का?"

जावकरावांना ते फारसं पटलं नाही. पण त्यांच्यापुढे त्याहून मोठा पेच होता. प्रतिक्रियांमध्ये सरळ दोन तट पडले होते. एक तट म्हणे मगर, दुसरा म्हणे गादी. दोघांनीही कार्यालयाकडे न्याय मागितला होता. आणि दोन पक्षांत वाद असला की लिपिकाने निर्णय द्यायचा नसतो. सक्षम अधिकाऱ्यापुढे सुनावणी लावायची असते. आता सक्षम अधिकारी आणायचा कुठून? जावकरावांनी दिनदर्शिका पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. समिती येणार त्या दिवशी सक्षम अधिकारी आयताच कार्यालयात असणार होता! त्यांनी नोटीस तयार केली: 'मगरीबाबत आपले म्हणणे मांडण्यासाठी आपण व्यक्तिशः हजर राहावे.' बाईंनी फोनवर बोलता बोलता सही केली. आणि ती नोटीस जावकरावांनी प्रतिक्रिया देणाऱ्या एकूण एक माणसाला, नाव घालून, वेगळा नंबर टाकून, खासगी निरोपात धाडली. बोट सुजलं, पण एकही माणूस सुटला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो एका भाबड्या प्रश्नामुळे. कुणीतरी प्रेमाने विचारलं, 'तुम्ही निवृत्त होईपर्यंत इथेच राहणार ना?'

विचारलेल्या प्रश्नाचं खरं आणि पूर्ण उत्तर द्यायचं, ही जावकरावांची सवय. त्यांनी लिहिलं: 'हे संग्रहालय बंद करण्याचा प्रस्ताव असून तसे झाल्यास सदर लिपिकाची बदली दूरच्या गोदामात होणार आहे. कुटुंबास अद्याप कळविलेले नाही.'

कुटुंब त्या वेळी तलावाच्या काठावर ओल्या केसांनी बसून मोबाइल पाहत होतं.

थोड्याच वेळात त्या उत्तराखाली एक नवी प्रतिक्रिया उमटली. दोनच शब्द: 'कुटुंबास कळले.'

जावकरावांनी ती वाचली, पुन्हा वाचली. कागद घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे काय लिहायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर उत्तर न सुचलेला कागद राहिला.

घरी पाऊल टाकलं तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. इतक्या जोरात की घड्या निमूटपणे पडत होत्या.

"अगं, मी सांगणारच होतो."

"केव्हा? गोदामात पोचल्यावर?"

"तसं नाही..."

"अख्ख्या गावाला वैयक्तिक उत्तर. कुणी अंगठा दाखवला तर त्यालासुद्धा पत्र. आणि घरात बसलेल्या बायकोला एक शब्द नाही! मी येणार की नाही, मला काय वाटतं, विचारलंत कधी?" तिने टॉवेल आपटला. "आता तोंडी काही नको. मी तिथे लिहिलंय ना, उत्तर तिथेच द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना मुख्य कार्यालयातून फोन आला. बदलीची बातमी पानावर कुणी फोडली, आणि हे अंगठ्यांचे साक्षीदार काय प्रकार आहे? बाईंनी पहिल्यांदाच पान नीट वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"जावकराव! हे काय करून ठेवलंत?"

"प्रत्येकाला वैयक्तिक उत्तर, मॅडम. आपण सांगितलं होतं."

"अहो, वैयक्तिक म्हणजे गोड! आपुलकीचं! लोकांकडे साक्षीदार मागायला सांगितलं होतं का मी?"

"सही आपलीच आहे, मॅडम," जावकराव नम्रपणे म्हणाले. तो तिरकसपणा नव्हता. त्यांना वाटलं, मॅडमना धीर येईल.

बाईंनी मोबाइल काढून घेतला. प्रशिक्षणातल्या तरुण गुरूला फोन लावला आणि त्याच्याकडून पानाला असं काही यंत्र जोडून घेतलं की यापुढे येईल त्या प्रतिक्रियेला आपोआप उत्तर जाईल: 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार! असेच जोडलेले राहा!' आणि जुन्या, उत्तर न गेलेल्या प्रतिक्रियांनाही यंत्राने लगेच निकालात काढलं.

मग जे व्हायचं तेच झालं. एका आईने लिहिलं की मगर पाहून मुलाला ताप भरला. यंत्र म्हणालं, तुमच्या प्रेमाबद्दल आभार. कुणी लिहिलं की तुमच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला. यंत्र म्हणालं, असेच जोडलेले राहा. लोक खवळले. त्यांनी जावकरावांचीच भाषा उचलली आणि पानावर स्मरणपत्रं पाठवायला सुरुवात केली: 'आमच्या पत्रास लिपिकांच्या सहीचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे. तरी ते विनाविलंब मिळावे.' स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, अंतिम स्मरणपत्र. त्या सगळ्यांना यंत्राने प्रेमाबद्दल आभार मानले.

संध्याकाळी जावकराव घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती. हातात मोबाइल, आणि आवाज शांत. हा आवाज तलावावर फक्त बुडता बुडता वाचलेल्यांनी ऐकलेला होता.

"आलं हो तुमचं उत्तर."

"माझं? मी तर काहीच..."

"'तुमच्या प्रेमाबद्दल आभार. असेच जोडलेले राहा.' खाली फूल पण आहे."

"ते मी नाही! यंत्र आहे ते!"

"संसाराला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि उत्तर द्यायला यंत्र नेमलंत."

लेकीने हसू दाबायला उशीत तोंड खुपसलं. जावकराव मात्र त्या रात्री न जेवताच झोपले.

समितीचा दिवस उजाडला. बाईंनी फुलपाखरांची काच पुसून घेतली, मगरीवर चादर टाकली आणि सुनावणीचं काय झालं हे विचारायचं विसरल्या. विसरल्या म्हणजे, त्यांनी ती नोटीस कधी वाचलीच नव्हती. यंत्र बसवण्याच्या आधीच ती गावभर पोचलेली होती, आणि यंत्राला पाठवलेल्या नोटिसा मागे घेता येत नव्हत्या.

कुलूपसाहेबांची गाडी कोपऱ्यावर थांबली, कारण पुढे जाता येईना. संग्रहालयाच्या दारापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं उभी होती. म्हातारे, पोरंसोरं, कॉलेजचा एक अख्खा वर्ग. प्रत्येकाच्या हातात छापलेली नोटीस, आणि नोटिशीवर स्वतःचं नाव. कुणाकुणाने ती प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून आणली होती.

साहेब गाडीतून उतरून चालत आले. "ही रांग कसली?"

"मगरीच्या सुनावणीची," पुढच्या आजोबांनी सांगितलं. "तुम्ही मागे उभे राहा. आमचा नंबर आधी आहे."

बाईंची पाचावर धारण बसली. त्या पुढे धावल्या. "सर, हा सगळा एका लिपिकाचा मूर्खपणा आहे. मी आत्ता सगळ्यांना घरी पाठवते."

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी रांगेतल्या एका मुलीच्या हातातली नोटीस घेऊन वाचली. वर पाहिलं, खाली पाहिलं. "सही तुमचीच ना?"

"...माझीच."

"मग सुनावणी घ्यावीच लागेल. नियम आहे." साहेबांच्या कपाळावर आठी पडली. नियमाच्या बाहेर ते आयुष्यात एक पाऊल गेले नव्हते. "आणि सुनावणी चालू आहे तोवर ही मगर म्हणजे मुद्देमाल. मुद्देमाल जागेवरून हलवता येत नाही. मगर हलली नाही तर इमारत रिकामी करता येत नाही. हे कुणी केलं?"

"मी, साहेब," जावकराव पुढे झाले. त्यांना या नियमाचा असाही उपयोग असतो हे त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. म्हणजे सुनावणी चालली तर संग्रहालय राहणार! बदली टळणार!

पण कुलूपसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "हरकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मूळ तक्रारदाराने तक्रार मागे घेतली की दोन मिनिटांत विषय संपतो. हा एकाकी वाघ कोण? पुढे या."

गर्दीतून एकाकी वाघ पुढे आला. तो एक किडकिडीत, चष्मेवाला औषधविक्रेता निघाला. आपल्याला शिक्षा होणार या भीतीने तो नवा शर्ट घालून आला होता.

"साहेब, मी गंमत केली होती," तो पुटपुटला. "माझं म्हणणं मागे..."

कुलूपसाहेबांनी टोपण काढून पेन सरसावलं. आणि तेवढ्यात गर्दीच्या मागून एक कर्कश शिट्टी वाजली. अशी, की तलवारींच्या कपाटाची काच थरथरली आणि कुलूपसाहेबांचं पेन खाली पडलं.

जावकरावांची बायको आपला सकाळचा अख्खा वर्ग घेऊन आली होती. तलावावरच्या आज्या एका रांगेत, खांद्यावर टॉवेल, केस ओले. ती गर्दीतून वाट काढत थेट औषधविक्रेत्यापुढे उभी राहिली.

"तू माझ्याकडे शिकलायस ना?"

"हो बाई," तो म्हणाला. त्याचे गुडघे आपोआप वाकले.

"फळीवर चढल्यावर काय करायचं?"

"उडी मारायची."

"मागे वळायचं?"

"नाही बाई."

"मग तुला ती गादी वाटली ना? वाटली तर वाटली. सांग तसं!"

औषधविक्रेत्याने डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं आणि ओरडला, "साहेब, मला ती गादीच वाटते! तक्रार मी मागे घेत नाही!"

गर्दीने जो काही आरडाओरडा केला, तो त्या इमारतीने कधी ऐकला नसेल. गादीवाले नाचले, आणि गंमत म्हणजे मगरवालेही नाचले, कारण त्यांना आता भांडायला मिळणार होतं.

कुलूपसाहेबांनी पेन उचललं. "ठीक आहे. सगळ्यांचं एकदम ऐकतो आणि जेवायच्या आत निकाल देतो."

"तसं करता येणार नाही, साहेब," जावकराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका ठाम होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "नोटीस प्रत्येकाला वैयक्तिक गेलीय. प्रत्येकाचा नंबर वेगळा. ऐकावं लागेल ते प्रत्येकाचं स्वतंत्र. आणि अजून प्रतिक्रिया येतायत."

साहेबांनी जावकरावांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, पुन्हा जावकरावांकडे पाहिलं. नियमाला नियम भेटला होता. त्यांनी निमूटपणे खुर्ची मागवली.

सुनावणी जिन्याखाली झाली. चादर काढली तेव्हा मगरीच्या पोटातून थोडा पेंढा खाली सांडला आणि गादीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एका खऱ्याखुऱ्या गाद्या भरणाऱ्याने साक्ष दिली, "साहेब, गादीत कापूस असतो. असली गादी मी विकली तर गिऱ्हाईक मला बदडेल." दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मगरीचा जबडा तपासून सांगितलं की गादीला दात नसतात, हे त्या अनुभवावरून सांगू शकतात, मात्र यातले काही दात बदलायला हवेत, आणि ते काम त्या स्वतः करून देतील. एका आजीबाईंनी सांगितलं की लहानपणी त्या इथे आल्या होत्या तेव्हा मगर अशी नव्हती. तेव्हा त्यांना रडू आलं होतं. आज बघून पुन्हा रडू आलं, पण वेगळ्या कारणाने. यावर कुलूपसाहेबांनी स्वतःचा रुमाल पुढे केला आणि मग, आपण काय केलं हे लक्षात येऊन, तो घाईने परत मागितला.

ज्यांचा नंबर लागायला वेळ होता ते वर फुलपाखरं बघायला गेले, नाण्यांवर झुकले, तलवारींपुढे पोरांचे फोटो काढू लागले. संग्रहालयात चालायला जागा नव्हती. समितीच्या दुसऱ्या सदस्याने 'येणारे दर्शक' या रकान्यापुढे आधी 'नगण्य' असं लिहून आणलं होतं. त्याने ते खोडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं, 'आवरत नाहीत.'

दिवस कलला तरी रांग संपेना. कुलूपसाहेब खुर्चीतून उठले, घसा खाकरला. "सुनावणी पुढील तारखेपर्यंत तहकूब. तोवर इमारत, मगर आणि कर्मचारी आहेत तिथेच राहतील." जाता जाता ते जावकरावांपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "मी जिथे जातो तिथली माणसं मला पाहून पांगतात. रांग लावून कुणी वाट पाहत होतं, हे पहिल्यांदाच. पुढची तारीख जवळची घ्या."

बाई तोवर मुख्य कार्यालयाशी फोनवर बोलत होत्या. "हो सर, लोकसहभाग! तेच तर सांगते, पहिल्यापासून माझा आग्रहच होता की उत्तर प्रत्येकाला वैयक्तिक गेलं पाहिजे." फोन ठेवून त्यांनी संग्रहालयाचा मोबाइल दोन्ही हातांनी जावकरावांच्या पुढे धरला. "ते यंत्र काढून टाका हो. आणि आजपासून फोल्डरमधला प्रत्येक कागद मी वाचून सही करणार."

"वाचलात तर उशीर होईल, मॅडम," जावकराव म्हणाले. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

गर्दी ओसरली. आज्या टॉवेल सावरत घरी गेल्या. बायको बाहेरच्या पायरीवर बसली होती. जावकराव जाऊन तिच्या शेजारी बसले.

"काय हो," ती समोर बघतच म्हणाली, "सगळ्या गावाला तारखा मिळाल्या. माझ्या प्रतिक्रियेचं काय?"

जावकरावांनी तोंड उघडलं. 'उपरोक्त' आलं नाही. 'अनुसरून' आलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तुलाच सांगायला हवं होतं. तू नाही म्हणशील याची भीती वाटत होती, म्हणून विचारलंच नाही. तुझ्याशिवाय तिथे एक दिवस निघाला नसता माझा."

मग जावकरावांनी, आता धीर आलाच आहे तर म्हणून, विचारून टाकलं, "आणि समजा खरंच बदली झाली असती... तर आली असतीस माझ्याबरोबर?"

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू होतं, पण चेहरा अगदी कार्यालयीन.

"आपला अर्ज मिळाला," ती म्हणाली. "विषय विचाराधीन आहे. निर्णय यथावकाश वैयक्तिक कळवण्यात येईल."

आणि त्यांचा डबा आपल्या पिशवीत टाकून ती घराच्या दिशेने चालू लागली.